प्राप्त नमुन्यापुरतेच

१९८४ साली अमेरिकेतल्या ओहायो नदीकाठच्या लहान गावांत काही माणसं पाण्याचे प्लॅस्टिकचे जग घेऊन दुकानांत शिरली, तिथल्या नळाचं पाणी भरून घेतलं आणि निघून गेली. ती ड्यूपाँट कंपनीची माणसं होती. वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ कंपनीचा टेफ्लॉनचा मोठा कारखाना होता. टेफ्लॉन बनवताना एक रसायन लागायचं, कारखान्यात त्याला सी-८ म्हणत. ते आजूबाजूच्या पाण्यात उतरलंय का, हे कंपनीला बघायचं होतं. उतरलं होतं. नदीच्या दोन्ही तीरांवरच्या नळांत ते सापडलं. त्याच वर्षी मे महिन्यात विल्मिंग्टनच्या मुख्यालयात बैठक बसली, वापर थांबवायचा का यावर चर्चा झाली, आणि वापर चालू राहिला. ज्यांच्या नळाचं पाणी नेलं होतं त्यांना पुढची पंधराहून जास्त वर्षं कुणी काही बोललं नाही.

ही हकिकत वाचताना माझं लक्ष आधी त्या जगांकडे गेलं, याला माझा धंदा कारण. उमेदीची बरीच वर्षं मी पाणी आणि सांडपाणी तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत काढली. सॅम्पल कुठून घेतलं, कशात घेतलं, लेबल कुणी लावलं, हे आधी विचारायचं आणि मग आकड्याकडे बघायचं, ही सवय हाडात मुरलेली आहे. त्या सवयीनं बघितलं तर ड्यूपाँटच्या माणसांनी काम चोख केलं होतं. टाकीतलं नाही, पंपाशेजारचं नाही, माणूस जिथे पेला धरतो त्या टोकाचं पाणी त्यांनी घेतलं. मी असते तर मीही तिथलंच घेतलं असतं.

कंपनीचा गुन्हा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हलगर्जीपणा येतो. त्याच १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला शीतकरण यंत्रणा बंद ठेवलेली होती, वायू जाळायचा मनोरा दुरुस्तीसाठी सोडवून ठेवलेला होता. कुणीतरी पैसे वाचवले, कुणीतरी बघितलं नाही, आणि हजारो माणसं मेली. पार्कर्सबर्गला मात्र सगळं बघितलं जात होतं. १९६१ मध्येच कंपनीच्या विषशास्त्रज्ञांना दिसलं होतं की हे रसायन दिल्यावर उंदरांचं यकृत मोठं होतं. सत्तरच्या दशकात कामगारांच्या रक्तात ते सापडलं. १९८१ मध्ये सी-८ पुरवणाऱ्या थ्रीएम कंपनीकडून उंदरांच्या पिल्लांमधल्या व्यंगाची खबर आली, तेव्हा ड्यूपाँटनं टेफ्लॉन विभागातल्या बायकांना तिथून हलवलं आणि त्यांच्या बाळांकडे पाहिलं. सात बाळंतपणांपैकी दोन बाळांच्या डोळ्यांत दोष होता. ही नोंदही फाइलला लागली. १९९१ मध्ये कंपनीनं पिण्याच्या पाण्यासाठी स्वतःपुरती एक मर्यादाही ठरवली, आणि एका गावाचं पाणी त्या मर्यादेच्या तिप्पट निघालं. तेही लिहून ठेवलं.

मला याची भीती हलगर्जीपणापेक्षा जास्त वाटते. गचाळ कारखान्यात निदान तपासनीस गेला की काहीतरी फरक पडेल अशी आशा धरता येते. इथे तपासनीस आधीच आत होता, पगारावर, आणि कामात हुशार.

बाहेरच्या जगाला हे कळलं ते एका शेतकऱ्यामुळे. त्याच्या भावानं घराण्याच्या जमिनीतला एक तुकडा ड्यूपाँटला विकला होता, कंपनीनं तिथे कचऱ्याचं भराव क्षेत्र केलं, आणि खालच्या ओढ्यावर पाणी पिणारी त्याची गुरं मरायला लागली. दीडशेहून अधिक गुरं गेली, असं तो सांगायचा. गावातले पशुवैद्य टाळायला लागले तेव्हा त्यानं व्हिडिओ कॅमेरा घेतला. ओढ्यावरचा फेस, गुरांचे काळे पडलेले दात, मेलेल्या गाईंची स्वतः चिरून काढलेली आतडी, सगळं चित्रित करून ठेवलं. आमच्या भाषेत सांगायचं तर त्याला पद्धत माहीत नव्हती, पण चेन ऑफ कस्टडी, म्हणजे नमुना कुठून आला आणि कुणाच्या हातून गेला याचा माग, पक्की होती. १९९८ मध्ये त्या कॅसेटी घेऊन तो रॉब बिलॉट या वकिलाकडे गेला. बिलॉटची फर्म रासायनिक कंपन्यांची बाजू लढवणारी. शेतकऱ्यानं त्यालाच का गाठलं, तर बिलॉटची आजी त्या भागात राहायची, तिच्या ओळखीतून नंबर मिळाला. कोर्टाच्या आदेशानं ड्यूपाँटनं एक लाख दहा हजार पानं बिलॉटकडे पाठवली. तो खोक्यांमध्ये जमिनीवर बसून ती तारखेप्रमाणे लावत गेला. वर दिलेली सालं त्या पानांतली आहेत. कंपनीनं नीट लिहून ठेवलं होतं म्हणूनच ती सापडली, ही त्यातली विचित्र गोष्ट.

पण मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा प्रसंग कोर्टातला वाटत नाही. २००४ मध्ये तडजोड झाली आणि गावकऱ्यांसाठी सात कोटी डॉलर ठेवले गेले. वकिलांनी ते नुसते वाटले नाहीत. रक्त द्या, आरोग्याची माहिती द्या आणि चारशे डॉलर घेऊन जा, अशी अट घातली. सुमारे ६९,००० माणसं रांगेत उभी राहिली. तीन स्वतंत्र शास्त्रज्ञांची समिती नेमली गेली, तिला निकाल द्यायला सात-आठ वर्षं लागली, लोक वैतागले, काही त्या काळात वारले. शेवटी सहा रोगांशी संबंध निघाला: मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, मोठ्या आतड्याचा दाह, गरोदरपणातला रक्तदाब आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल. हे सगळं ज्या रक्तातून कळलं ते लोकांनी आपल्या मर्जीनं, कशासाठी हे माहीत असताना दिलेलं होतं. दोन-तीन दशकांपूर्वी कामगारांचं रक्त असंच घेतलं गेलं होतं. सुई तीच, नळी तीच. फरक एवढाच की या वेळी निकाल रक्त देणाऱ्यांच्या बाजूनं वापरायचा होता. २०१७ मध्ये साडेतीन हजार दावे मिटवायला ड्यूपाँट आणि तिच्यातून निघालेल्या केमूर्सला ६७ कोटी १० लाख डॉलर मोजावे लागले.

आता थोडं माझ्या कामाबद्दल. आमच्या प्रत्येक अहवालाच्या तळाशी एक ओळ असायची: सदर निष्कर्ष प्राप्त नमुन्यापुरतेच मर्यादित आहेत. कारखान्याचा शिपाई सकाळी पाच लिटरचा कॅन आणून ठेवायचा. आम्ही पीएच, बीओडी, सीओडी, तेल-ग्रीस, तरंगते घन पदार्थ तपासायचो आणि छापील मर्यादेशेजारी आकडा लिहायचो. कॅनमधलं पाणी खरंच त्या नाल्यातलं आहे की कॅन्टीनच्या नळातलं, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता आणि ती ओळ असल्यामुळे कळून घ्यायची गरजही नव्हती. एकदा एका कॅनमधलं पाणी इतकं स्वच्छ निघालं की आमचे सर म्हणाले, "हे सांडपाणी असेल तर मी उद्यापासून बिसलेरी सोडतो." अहवाल गेला. सगळे आकडे मर्यादेत.

या तपासण्यांत सी-८ किंवा त्याच्या भावंडांचा पत्ता लागत नाही, हे सामान्य वाचकाला माहीत असायचं कारण नाही. पीफास नावाचं हे हजारो रसायनांचं कुटुंब आहे. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका घट्ट असतो की जिवाणू तो तोडत नाहीत, ऊन तोडत नाही, उकळून काही होत नाही. बीओडी म्हणजे जिवाणूंनी खाऊन संपवलेल्या घाणीचा हिशेब. जे जिवाणू खातच नाहीत त्याचा हिशेब तिथे लागणार कसा? अमेरिकेनं २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या सी-८ साठी लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरवली. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. हे मोजायला लागणारं मास स्पेक्ट्रोमीटर आमच्यासारख्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नसतं. आणि आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, या कुटुंबाचं नावच नाही. नाव नाही म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून कुठल्याच गावाच्या अहवालावर लाल खूण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०२३ मध्ये सी-८ ला, म्हणजे पीएफओएला, माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं, तेव्हा आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती बातमी एका सुप्रभातच्या गुलाबाखाली येऊन पडली होती. कुणीतरी खाली अंगठ्याचा इमोजी टाकला.

मोजायची यंत्रं महाग पडतात, आपला देश गरीब आहे, असं कुणी म्हटलं की मला नागपूर आठवतं. तिथल्या महापालिकेनं हजारो सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. कोण कुठल्या गल्लीत आहे, किती वाजता आला, नेमून दिलेली हद्द सोडली का, हे नियंत्रण कक्षातल्या नकाशावर ठिपक्याठिपक्यानं दिसायचं. घड्याळाचा सिग्नल गेला की हजेरीचा वाद आणि पगाराला कात्री. चंदीगडमध्येही अशीच घड्याळं आली, आणि तिथल्या बायकांना प्रश्न पडला की हे मनगटावर घेऊन न्हाणीघरात जायचं कसं, कोण बघत-ऐकत असेल तर? झाडू मारणारी बाई सकाळी कुठल्या वळणावर थांबली हे मिनिटाच्या हिशेबात कळायला पैसे आहेत, तंत्रज्ञान आहे, निविदा आहे. हातमोजे मात्र मागून मागून मिळतात.

कारखान्यांवरही पाळत आहे, नाही असं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१४ मध्ये अतिप्रदूषक अशा सतरा प्रकारच्या उद्योगांना सांडपाण्यावर आणि धुराड्यावर ऑनलाइन यंत्रं बसवायला सांगितलं. आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरवर जातात. पण यंत्र विकत कोण घेणार? कारखाना. त्याची देखभाल, त्याचं कॅलिब्रेशन? कारखाना. प्रोब नाल्यात बुडालेला आहे की शेजारच्या बादलीत, हे त्या सर्व्हरला दिसत नाही. प्रत्येक जण बादली ठेवतो असं मी म्हणत नाही. घड्याळ हातावर बांधलेल्या बाईला ही सोय नाही, एवढंच म्हणते.

यंत्र खोटं बोलतं का, या प्रश्नाचं उत्तर फोक्सवॅगननं दिलेलं आहे. तिच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर, आपली तपासणी चालू आहे का, हे ओळखायचं. चाकं फिरताहेत आणि स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे गाडी रोलरवर आहे. मग धूर शुद्ध. रस्त्यावर आली की नायट्रोजनची ऑक्साइडं मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत. जगभर एक कोटी दहा लाख गाड्या. हे पकडलं ते कुठल्या बड्या खात्यानं नाही. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मूठभर संशोधकांनी डिकीत जनरेटर आणि यंत्र ठेवून गाड्या खऱ्या रस्त्यावर चालवल्या. त्यांच्यात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पन्ना हे दोघं भारतातून गेलेले. पुन्हा वेस्ट व्हर्जिनिया, हा योगायोग. पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेनं आपल्याकडच्या गाड्या तपासल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीनं इथल्या ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या. २०१९ मध्ये हरित लवादानं ५०० कोटींचा दंड ठोठावला, आणि सर्वोच्च न्यायालयानं सक्तीची कारवाई करू नका असं सांगितलं. चाकणच्या रस्त्यावरून जाताना त्या वर्षांतली एखादी गाडी पुढे दिसली की मी अजूनही काच वर करते. त्यानं काही होत नाही, हे मला कळतं.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर आता इटलीमार्गे कोकणातल्या खेडला येऊ.

इटलीच्या व्हेनेतो प्रांतात, विचेंझाजवळ, त्रिसिनो नावाचं गाव आहे. तिथे साठच्या दशकात सुरू झालेला एक कारखाना पुढे मित्सुबिशी आणि एनी या दोन कंपन्यांकडे आला, त्या दोन नावांची सांधणी म्हणून मितेनी झाला, आणि २००९ मध्ये एक युरो किमतीला विकला गेला. एक युरोला कारखाना मिळतो तेव्हा त्याखालची जमीन बघावी. २०१३ मध्ये सरकारी संशोधन संस्थेला कळलं की पीफास भूजलात उतरलं आहे. विचेंझा, व्हेरोना आणि पादोवा जिल्ह्यांतले सुमारे साडेतीन लाख लोक त्या पाण्याच्या टापूत राहतात. मग सरकारनं मुलांच्या रक्ताची तपासणी सुरू केली, घरोघरी पत्रं गेली, आणि आयांनी आपल्या मुलांच्या नावापुढे नॅनोग्रॅम वाचले. त्या आया गप्प बसल्या नाहीत. मुलांच्या रक्तातले आकडे टी-शर्टवर छापून त्या रस्त्यावर आल्या. मितेनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. २६ जून २०२५ रोजी विचेंझाच्या न्यायालयानं अकरा माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवून तुरुंगवासाच्या शिक्षा दिल्या, सगळ्यात मोठी साडेसतरा वर्षांची.

आणि कारखान्याचं सामान? २०१९ च्या लिलावात ते लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या आपल्याकडच्या कंपनीच्या उपकंपनीनं घेतलं. यंत्रं सुटी करून जहाजानं आली आणि खेडजवळच्या लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत उभी राहिली. हे चोरून झालेलं नाही. शेअर बाजारात उतरताना कंपनीनं स्वतः जाहीर केलेली गोष्ट आहे. यंत्र आलं म्हणजे तेच रसायन तसंच बनतं असं नाही, आणि इथे कुठला नियम मोडला गेला असा माझा दावा नाही. उलट, मोडायला नियम कुठे आहे, हाच माझा प्रश्न आहे. फ्लोरिनच्या रसायनांना भविष्य आहे, असं बाजार सांगतो, आणि ते खरंही आहे: चिप बनवायला ती लागतात, विजेच्या गाडीच्या बॅटरीत लागतात, सर्व्हरच्या खोल्या गार ठेवायला लागतात. आपल्या हातातल्या नव्या वस्तूच्या मागे कुठेतरी एक जुनं, न तुटणारं रसायन उभं असतं. ते कुणाच्या विहिरीजवळ बनावं, एवढाच निर्णय बाकी असतो.

लोटे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: मुंबई-गोवा महामार्गावर खेड आणि चिपळूणच्या मध्ये, घाट उतरायच्या आधी वासावरून गाव ओळखता येतं. वसाहतीचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून पुढे दाभोळच्या खाडीकडे जातं. खाडीतल्या भोई समाजाच्या मच्छीमारांची तक्रार काल-परवाची नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीनं २०११ च्या अहवालात लोट्यावर बरंच लिहिलं आहे. वसाहतीत अकरा हजारांना रोजगार आहे, आणि प्रदूषणामुळे वीस हजारांचा मासेमारीचा धंदा बसला असं मच्छीमार सांगतात, असे दोन आकडे त्यांनी शेजारी-शेजारी ठेवले. त्याहून बोलका तिसरा आकडा आहे. ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात १९१ दिवस पाचांहून अधिक लोकांनी एकत्र यायला बंदी होती. माणसं एका जागी किती जमली, ते मोजायला यंत्रणा होती. हा अहवालही सरकारनं दाबून ठेवला. माहिती आयोगाच्या आदेशानंतर आणि दिल्ली उच्च न्यायालयानं सरकारची याचिका फेटाळल्यावर, २०१२ च्या मे महिन्यात तो लोकांपुढे आला.

माझं माहेर त्या बाजूचं. मावसभाऊ अजून तिकडेच असतो, थोडी आंब्याची कलमं आणि एक विहीर. इटलीची बातमी मोबाइलवर फिरत त्याच्यापर्यंत पोहोचली तेव्हा त्यानं फोन केला. "ताई, तू पाणी तपासायचीस ना? आमच्या विहिरीत हे आहे का, बघता येईल?"

येईल म्हटलं. आपल्या जुन्या प्रयोगशाळेत नाही, पण मोठ्या शहरात एक-दोन ठिकाणी होतं, पैसे बरेच पडतील, आसपासच्या विहिरींचं मिळून केलंत तर परवडेल. मग मी त्याला सॅम्पल कसं घ्यायचं ते सांगायला बसले. काचेची बाटली नको, पॉलिप्रॉपिलीनची घे. झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर नको. पंपाच्या सांध्याला प्लंबरची पांढरी टेप असेल तर तिथून घेऊ नकोस, तीही टेफ्लॉनच. हाताला क्रीम लावू नकोस, चमकदार कागदातला वडापाव खाऊन बाटलीला हात लावू नकोस. आणि पाणी न सुटणारा रेनकोट घालून जाऊ नकोस, त्याच्या लेपातही हेच असतं.

"पावसात रेनकोट न घालता?" तो म्हणाला. "मग भिजत घेऊ?"

"इरलं घे," मी म्हटलं. तो हसला. घरात अजून एक आहे म्हणाला, माळ्यावर.

एक बाटली शुद्ध पाण्याची बरोबर न्यायची, विहिरीपाशी ते पाणी दुसऱ्या रिकाम्या बाटलीत ओतायचं आणि तीही पाठवायची, तिला फील्ड ब्लँक म्हणतात, म्हणजे दोष आपल्या हाताचा होता की विहिरीचा ते कळतं, हेही सांगितलं. तो लिहून घेत होता. किती विहिरी घ्यायच्या, नाल्याच्या वरच्या अंगाला कुठली, खालच्या अंगाला कुठली, यावर आम्ही बराच वेळ बोललो. वाडीतल्या नऊ जणांची नावं त्यानं धरली होती, पैकी दोघांची मुलं लोट्यात कामाला आहेत, ते तयार होतील का हे बघायचं होतं.

शेवटी त्यानं विचारलं, "रिपोर्ट कुणाच्या नावावर काढायचा?"

ज्याची विहीर त्याच्या नावावर, मी म्हटलं. आणि एक प्रत ग्रामपंचायतीत, आवक नोंदवहीत शिक्का मारून.